प्रेस नंबर चारचा मुहूर्त

या जगात जे जे बनते ते ते एक ना एक दिवस मोडते. मागासलेल्या समाजात ते आधी मोडते आणि मग कळते. प्रगत समाजात ते आधी कळते आणि मग मोडते. मोडणे दोन्हीकडे सारखेच. पण दुसऱ्या प्रकारात संगणक लागतो, म्हणून तो प्रकार वरच्या दर्जाचा मानावा, असे जाणकारांचे मत आहे.

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतला 'गोदागिरी कंपोनंट्स' हा गाड्यांचे सुटे भाग ठोकून काढणारा कारखाना दोन हजार पाच सालापर्यंत पहिल्या, म्हणजे अप्रगत प्रकारात होता. तिथल्या मेंटेनन्स खात्याचे फोरमन रावजी विधाते (मूळ निफाड तालुका, कारखान्यात सगळे त्यांना नाना म्हणत) यंत्राच्या अंगाला स्क्रू-ड्रायव्हर टेकवायचे, त्याची मूठ कानाला लावायचे आणि डोळे मिटून ऐकायचे. मग "बेअरिंग गेलं" किंवा "काय नाय, नखरे करतंय" यांपैकी एक निदान व्हायचे. निम्म्या वेळा ते बरोबर येई. उरलेल्या निम्म्या वेळा चूक यंत्राची असे. खंडेनवमीला यंत्रांना झेंडूचे हार आणि नारळ, बाकी वर्षभर शिव्या. या दोन उपचारांवर कारखाना वीस वर्षे चालला, ही गोष्ट पुढच्या अहवालांत 'योगायोग' या सदरात घालण्यात आली.

मग मुंबईच्या हेड ऑफिसने 'यंत्रभविष्य' नावाची प्रणाली आणली. आयसीयूतल्या पेशंटला लावतात तशा वायरी प्रत्येक यंत्राला चिकटल्या. यंत्र किती थरथरते, किती तापते, तेल किती पिते, हे सगळे त्या वायरींतून एका संगणकात जाणार आणि संगणक सांगणार, की कोणते यंत्र कोणत्या दिवशी मोडेल. म्हणजे मोडण्याआधीच दुरुस्त करता येईल. (हा मूळ हेतू पहिल्याच महिन्यात मागे पडला. कसा, ते येईलच.) संगणकासाठी एसी खोली बांधली. संगणकाला उकाडा सोसत नाही. माणसांना सोसतो, हे त्या शेडमध्ये पूर्वीच सिद्ध झालेले होते. एप्रिल-मे महिन्यांत कामगारवर्गात विज्ञानाची ओढ एकाएकी वाढली आणि जो तो काहीतरी शंका विचारायला त्या खोलीत जाऊ लागला.

प्रणालीचे प्रमुख मनोज सर. माणूस मनाने गरीब, कुणाचे वाईट न चिंतणारा. फक्त मुंबईचा फोन आला की उभा राहून बोलायचा. त्यांच्या हाताखाली पल्लवी मॅडम, नुकत्याच इंजिनिअर झालेल्या, हुशार आणि समजावून सांगायची भारी हौस. रावजींना त्यांनीच हे शास्त्र शिकवले.

"नाना, भविष्य म्हणजे दुसरं काही नाही, मागच्या नोंदींची सरासरी. वीस वेळा जे झालं, तेच एकविसाव्या वेळी होणार."

"आन् एकविसाव्याला भलतंच झालं तर?"

"ती नोंद काढून टाकायची. त्याला अपवाद म्हणतात. अपवाद ठेवला की सरासरी बिघडते."

"आयला!" रावजी म्हणाले. "हे तर लय सोपं हाय की."

त्या दिवसापासून रावजी प्रणालीचे भक्त झाले. स्क्रू-ड्रायव्हर त्यांनी पुन्हा स्क्रूंकडे वळवला.

पहिले भविष्य निघाले ते हवेच्या कॉम्प्रेसरचे. तो बुधवारी मोडणार होता. रावजींनी भाबडेपणाने सोमवारीच त्याचे बेअरिंग बदलले. बुधवार आला आणि कॉम्प्रेसर निर्लज्जपणे चालत राहिला. मुंबईत गहजब झाला. अंदाज: मोडणार. प्रत्यक्षात: मोडला नाही. अचूकता: शून्य टक्के. मनोज सर फोनवर पाऊण तास उभे होते.

"पण सर, नाय मोडला हे चांगलंच झालं ना?" रावजींनी विचारले.

"चांगलं आहे हो नाना," मनोज सर घाम पुसत म्हणाले, "पण चुकीचं आहे."

यानंतर सूचनाफलकावर पुढील नियम लागले. एक, ज्या यंत्राचे भविष्य जाहीर झाले आहे त्याला ठरल्या दिवसापर्यंत कोणीही पाना, तेल अथवा हात लावू नये. दोन, ठरल्या दिवशी यंत्र आपणहून न मोडल्यास अंदाजपूर्ती समितीने त्यास योग्य ते साहाय्य करावे. (साहाय्यासाठी लागणारा घण स्टोअरमधून सही करून न्यावा व पुसून परत करावा.) तीन, भविष्य नसताना जे यंत्र बंद पडेल ते बंद पडलेले नसून विश्रांती घेत आहे असे समजावे.

नियम लागू झाले आणि अचूकता शून्यावरून एक्याण्णव टक्क्यांवर गेली. उत्पादन निम्म्यावर आले, पण उत्पादन हे वेगळे खाते असल्यामुळे त्याचा इथे संबंध नाही. मुंबईहून सन्मानाची ढाल आली. ती वाटेत दुभंगली होती. तिचे भविष्य कोणी काढलेले नसल्याने ती विश्रांती घेत आहे असे समजून काचेच्या कपाटात ठेवण्यात आली. समितीचे मानाचे साहाय्यक होते रावजी. घण मारण्यात त्यांचा हात कोणी धरत नसे.

असे सगळे सुरळीत चालले असताना रावजींच्या मुलीचे लग्न ठरले.

मीना ही त्यांची एकुलती एक. सोयरीक तोलामोलाची, मुलगा निर्व्यसनी, आणि व्याही खंडेराव म्हणजे लष्करातून सुभेदार होऊन परतलेला ताठ माणूस. पिंपळगाव बसवंतला हायवेलगतचे लॉन्स घेतले. मे महिन्यातला शुक्रवार, दुपारी बारा बत्तीसचा मुहूर्त. रावजींनी संक्रांतीच्या तिळगुळाबरोबरच रजेचा अर्ज दिला आणि तो मंजूरही झाला. आणि लग्न पंधरा दिवसांवर आले असता संगणकाने जाहीर केले, की प्रेस नंबर चार, पत्रा ठोकून आकार देणारे कारखान्यातले सगळ्यात मोठे धूड, त्याच शुक्रवारी मोडणार आहे.

रजा रद्द झाली.

"सर, पोरीचं लग्न हाय ओ!"

"मला कळत नाही का नाना? पत्रिका माझ्या टेबलावर आहे, गणपतीला नमस्कार करून ठेवलीय. पण एवढं मोठं ब्रेकडाउन, आणि फोरमन जागेवर नाही? मुंबईला काय सांगू मी?"

"मंग आजच उघडतो ना तिला. क्लच बघतो, तेल बदलतो, व्हईल नीट."

अंतरपाट धरायच्या आधीच अक्षता टाकणाऱ्या पाहुण्याकडे बघावे तसे मनोज सरांनी त्यांच्याकडे बघितले. "मग शुक्रवारी ती मोडणार कशी?"

रावजींनी मान डोलावली. भक्त डोलावतोच.

घरी बायकोने, लताबाईंनी, सगळे शांतपणे ऐकून घेतले. (ही शांतता पुढे फार टिकली नाही.) "अवो, मंग त्या मशिनला दुसरा मुहूर्त नाय का? आपल्या गुरुजींनी तीन काढून दिले व्हते."

रावजींना हे पटले. दुसऱ्या दिवशी त्यांनी तसा प्रस्ताव ठेवला. मनोज सर म्हणाले, की संगणक एकच तारीख काढतो, आणि ती मुंबईला कळवून झाली आहे. गावाकडच्या गुरुजींकडे अडचण सांगितली की गोरज निघतो, अभिजित निघतो, अगदीच अडले तर 'घरच्या घरी चालतंय' असाही योग निघतो. संगणकाला दक्षिणेचा मोह नाही, म्हणून अडचणीची जाणही नाही. मग मनोज सरांनी अगदी निर्मळ मनाने विचारले, "नाना, तुमच्याकडे तीन मुहूर्त होते म्हणता, तर लग्नच थोडं पुढं घेता येईल का?"

घरी हे ऐकल्यावर लताबाई जे बोलल्या ते कार्यालयीन भाषेत बसत नाही. सारांश असा, की नवरा, संगणक आणि मनोज सर या तिघांना त्यांनी एकाच पोत्यात घातले आणि पोते गोदावरीत सोडून दिले.

शेवटी तोडगा निघाला. संगणकाने दिवस दिला होता, वेळ नव्हे. तेव्हा प्रेस सकाळी सातला, शिफ्ट सुरू होताच मोडायचा; रावजींनी साहाय्य करायचे, नोंद करायची आणि नऊ वाजता मोटारसायकलला किक मारून साडेदहापर्यंत मांडवात. मनोज सरांचे डोळे पाणावले. "आहेराचं पाकीट मी तुमच्याकडेच देतो नाना, मला काही यायला जमणार नाही."

तरीही रावजींच्या मनाला घोर होताच. उशीर झाला तर? एकुलत्या एक पोरीचे कन्यादान. पुन्हा येणारा प्रसंग नाही. मग त्यांनी शिकलेले शास्त्र वापरायचे ठरवले. वीस वर्षांत निफाड तालुक्यात आपण खाल्लेली लग्ने त्यांनी आठवून आठवून पल्लवी मॅडमना सांगितली. बारा बत्तीसचे लग्न बारा बत्तीसला लागले, असे एकदाही घडलेले नव्हते. नवरदेव घोड्यावर चढला की मित्र त्याला नाचवतात. मग आमदारसाहेब यायचे असतात. ते आले की माजी आमदारांचीही वाट बघावी लागते, नाहीतर ते रुसतात. मग सोसायटीचे चेअरमन, मग शाल, श्रीफळ, मग 'शुभाशीर्वादपर दोन शब्द', जे दोन नसतात. मॅडमनी पडद्यावर सुरेख वक्ररेषा काढून दाखवली. दोनच्या आत अक्षता पडणे शास्त्राला मान्य नव्हते.

"एक घोळ हाय मॅडम," रावजी म्हणाले. "आमचे व्याही. साखरपुड्याला दहा म्हणले तर दहाच्या ठोक्याला सुरू केलं बाबानं. माझे दोन मेव्हणे बिचारे चहालासुद्धा पोचले नाय."

"किती वेळा झालं असं?"

"येकदाच."

"मग अपवाद. काढून टाका."

रावजींनी व्याह्यांना काढून टाकले आणि त्या रात्री त्यांना छान झोप लागली.

शुक्रवार उजाडला. घरचे सगळे आदल्या दिवशीच पिंपळगावला गेले होते. रावजी कारखान्यात पोचले तेव्हा पिशवीत नवा कुर्ता आणि फेटा होता. समिती जमली. घण आला, सही झाली. प्रेस नंबर चार सुरू करण्यात आला आणि सगळे त्याच्या मोडण्याची आदबीने वाट पाहू लागले.

प्रेस मोडेना. नेहमीपेक्षा खणखणीत ठोके मारू लागला. रावजींनी तेल काढून टाकले. तो कोरडाच चालला. त्यांनी पायाचे बोल्ट सैल केले, तर चार वर्षांपासून येणारा एक खडखडाट बंद झाला. पहिला घण मारण्याआधी रावजींनी प्रेसच्या अंगावरून हात फिरवला. ते धूड त्यांनीच उभे केले होते, मीनाचा जन्म झाला त्याच वर्षी. पहिला पेढा प्रेसच्याच टेबलावर ठेवला होता. पण आज दयामाया करून चालणार नव्हते. "मोड ना गं बाई," ते घण टेकून हात जोडून म्हणाले, "रोज मोडत व्हतीस, आजच काय धाड भरली? माझ्या पोरीचं लग्न हाय." त्या तासात त्या यंत्राने गेल्या दोन वर्षांतले सर्वाधिक उत्पादन दिले.

आणि मग सगळेच थांबले. वीज गेली.

"झालं!" रावजी ओरडले. "बंद पडलं! लिहा सर!"

मनोज सरांनी खेदाने मान हलवली. "नाना, ही वीज गेली. ते वीज मंडळाचं खातं. आपल्याला मोडायला हवंय."

"मंग जनरेटर लावा!"

जनरेटर लावता येत नव्हता. त्याचे मोडणे पुढल्या मंगळवारचे होते. आज चालवला आणि आजच गेला, तर मंगळवारचे काय करायचे? तेव्हा मोडण्यासाठी यंत्र चालले पाहिजे आणि चालण्यासाठी वीज आली पाहिजे, म्हणून सगळे अंधाऱ्या शेडमध्ये विजेची वाट बघत बसले. रावजी येरझारा घालत होते. त्यांच्या डोळ्यांना खरेच पाणी येत होते, पण सगळ्यांनाच घाम आलेला असल्यामुळे ते वेगळे दिसले नाही.

अकरा वाजता वीज आली. प्रेसने असा काही झकास ठोका दिला, की दोघे जण दचकले. मग मात्र मनोज सरांना माणुसकी आवरली नाही.

"जा नाना तुम्ही. मोडलं असं लिहितो मी."

"अवो मंग सकाळी सातलाच का नाय लिहिलं?"

"सकाळी ते खोटं झालं असतं," मनोज सर गंभीरपणे म्हणाले. "आता आपण सगळे प्रयत्न केलेत."

रावजी धावत गेटवर गेले. सेन्सर बिघडतात म्हणून मोबाइल तिथे जमा करावे लागत. मोबाइल खिशात, पिशवी हँडलला, आणि मोटारसायकल मुंबई-आग्रा रस्त्याला लागली. वेळ अजून पुष्कळ होता. पण नाशिकच्या द्वारका चौकात यायला आणि तो तुंबायला एकच गाठ पडली. कांद्याचे ट्रक, द्राक्षांचे रिकामे टेम्पो, एसटी, रिक्षा, सगळे एकमेकांच्या अंगावर येऊन उभे. मोटारसायकल कडेच्या फटीतून निघाली असती. रावजींनी ती घातलीही होती. तेवढ्यात फोन वाजला.

"अवो कुठं हायेत तुम्ही?" लताबाई. "इथं व्याही घड्याळ घेऊन हुबे राह्यले!"

रावजी उत्तर देणार, तोच त्यांना समोर ट्रकांच्या मधे अडकलेली पांढरी गाडी दिसली. आत आमदारसाहेब. पेपरने वारा घेत होते. रावजींच्या जिवात जीव आला. सिद्धान्त डोळ्यांसमोर मूर्तिमंत उभा होता, तोही काच खाली करून.

"घाबरू नको," ते म्हणाले. "आमदारसाहेब हितं माझ्याम्होरं हायेत. त्ये आल्याबिगर काय व्हतंय का तिथं?"

"या बरं लवकर," लताबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात अजिबात विज्ञान नव्हते.

रावजींनी फटीतून गाडी मागे घेतली. घामेजलेल्या अंगाने मांडवात कशाला शिरायचे? त्यांनी रसवंतीत शिरून उसाचा रस घेतला, नळावर तोंड धुतले, आडोशाला जाऊन कुर्ता चढवला, आरशात बघून फेटा बांधला. मग पांढरी गाडी सुटल्यावर तिच्या मागोमाग, आडगाव, ओझर करत, ते ऐटीत निघाले. वाटेत आमदारसाहेब आणखी एका लग्नात उतरले. रावजीही बाहेर थांबले. घाई करण्याचे काहीच कारण नव्हते.

पिंपळगावला दोघे बरोबरच पोचले. दारात तुतारी वाजली. आत बँडवाले जेवत होते.

"बारा बत्तीस म्हणजे बारा बत्तीस," खंडेराव व्याह्यांनी हात जोडून शांतपणे सांगितले. "तुम्हाला फोन केला व्हता ना." गुरुजी ओझरच्या दुसऱ्या लग्नाला निघून गेले होते. मुलीच्या पित्याच्या जागी रावजींचा धाकटा भाऊ काळू आणि त्याची बायको झुंबरबाई पाटावर बसली होती. मंगलाष्टके म्हणताना मांडवात दोन्हीकडची घरची माणसे, वाजंत्री आणि आचारी एवढेच होते. बाकीचा सगळा तालुका वाटेवर होता. प्रत्येकाने आपापल्या अनुभवाची सरासरी काढलेली होती.

आमदारसाहेबांनी मात्र माइक घेतलाच. मुलीला घडवण्यासाठी बापाने काय काय खस्ता खाल्ल्या, यावर ते अर्धा तास बोलले आणि त्यांनी रावजींना पुढे बोलावून शाल घातली. लताबाई पलीकडे तोंड करून बसल्या होत्या. रावजींना धरणी पोटात घेईल तर बरे असे झाले होते. पण तिचा तसा काही अंदाज नव्हता.

मुंबईच्या नोंदीत त्या महिन्याची अचूकता शंभर टक्के लागली. प्रेस नंबर चार मोडलेला असल्यामुळे तो पुढे तीन आठवडे खोलून ठेवण्यात आला.

पाहुण्यांच्या गराड्यातून रावजी स्टेजवर गेले. मुंडावळ्या बांधलेली मीना वाकून पाया पडली, आणि उठताना हळूच म्हणाली, "आण्णा, कन्यादानाला काळूकाका बसले. म्हणले, तुम्ही तेलकट कपड्यांनी आलाय, म्हणून पुढं येईना. मागं हुबे व्हते ना तुम्ही? अक्षता टाकल्या ना?"

रावजींनी तिच्याकडे बघितले. तिच्या मुंडावळ्या सरळ केल्या.

"हां, व्हतो की गं," ते म्हणाले. "टाकल्या ना. सगळं बघितलं."

आता, रावजींना हसायचे असेल तर खुशाल हसा. पण त्या पंगतीत तुम्हीही होता. पत्रिकेवर बारा बत्तीस छापले होते, तुम्ही दोनला आलात. पाकीट दिलेत, मठ्ठा दोनदा मागून घेतलात, आणि हात पुसता पुसता शेजारच्याला सांगितलेत, की अक्षता पडताना पोरीचा बाप असा काही ढसाढसा रडला, की आपल्याला तर बघवले नाही.